सिएनातल्या गल्ल्यांचं वैर खरं आहे का, की पर्यटकांसाठी चालतं?

प्रश्न असा आहे: इटलीतल्या सिएना शहरात शेजारशेजारच्या वस्त्यांत पिढ्यान् पिढ्या वैर असतं म्हणे. एका घोड्यांच्या शर्यतीपायी एवढं? की आता हे सगळं पर्यटकांसाठीच चालतं? जुलैत ती शर्यत, पालिओ, बघायला जातोय, तर कुठल्या वस्तीच्या बाजूने उभं राहावं?

नाही, पर्यटकांसाठी चालत नाही. तुमचं ते एक वाक्य वाचलं आणि हातातलं काम सोडून लिहायला बसलो, कारण हेच वाक्य मी माझ्या घरात, जेवायच्या ताटावर, माझ्या दाजींच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलंय. दाजींचं नंतर सांगतो.

२०१४ ते २०१८ मी सिएनाच्या विद्यापीठात पीएच.डी. करत होतो. चारही वर्षं वाल्लेरोत्सी नावाच्या उतारावर एकाच घरात राहिलो. त्याआधीचं सगळं आयुष्य कोल्हापुरात, शिवाजी पेठेत गेलं. त्यामुळे पेठ म्हणजे काय हे मला सिएनाला जाऊन शिकावं लागलं नाही.

पर्यटकांसाठी असतं, तर २०२४ च्या जुलैत शर्यत २ तारखेलाच उरकून टाकली असती. पाऊस आला, चौकात अंथरलेली माती भिजली आणि शर्यत पुढे गेली ती थेट ४ तारखेला झाली. ज्यांची विमानं ३ तारखेची होती ते न बघता परत गेले, त्यांच्यासाठी कोणी थांबलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टची शर्यतही १६ ऐवजी १७ ला झाली. स्वाराच्या अंगावर कुठल्या कंपनीचं नाव नसतं, फक्त कोन्त्रादाचे, म्हणजे वस्तीचे, रंग असतात. जिंकल्यावर हाती काय पडतं, तर रंगवलेलं एक रेशमी निशाण. तिथले लोक त्याला लाडाने ‘चेन्चो’ म्हणतात, म्हणजे चिंधी. उलट जिंकणाऱ्यालाच खिसा रिकामा करावा लागतो. स्वाराला द्यायचे असतात आणि ज्या दुसऱ्या कोन्त्रादांशी आतून बोलणी झाली असतील त्यांनाही. या बोलण्यांना ‘पार्तीती’ म्हणतात. तिथे ती लाचलुचपत धरत नाहीत, कप्तानाचं कामच ते आहे. सांगा, एवढे पैसे घालवून पर्यटकांची करमणूक कोण करेल?

आता वैराचं. सतरा कोन्त्रादा आहेत, पण सतराही एकमेकांवर उठलेल्या नाहीत. ब्रूको, द्रागो, जिराफ्फा आणि सेल्वा यांना शत्रूच नाही. बाकीच्यांच्या जोड्या ठरलेल्या आहेत: आक्विला आणि पान्तेरा, कियोच्चोला आणि तार्तूका, चिवेत्ता आणि लिओकोर्नो, निक्कियो आणि वाल्दिमोन्तोने, ईस्त्रिचे आणि लूपा. तोर्रेला दोन शत्रू, ओका आणि ओन्दा. (तोर्रेचं चिन्ह पाठीवर मनोरा घेतलेला हत्ती आहे. इटलीच्या मधोमध गल्लीगल्लीत हत्तीचे झेंडे बघून मी पहिल्या दिवशी जागीच उभा राहिलो होतो.) या जोड्या बघितल्यात तर बहुतेक भिंतीला भिंत लागून आहेत. ओका आणि तोर्रे तेवढे लांबलांब, आणि तेच सर्वांत कडवे. कुठलं घर कुणाच्या हद्दीत हे १७२९ मध्ये बव्हेरियाच्या व्हियोलान्ते या राज्यपाल बाईंच्या फर्मानाने ठरलं आणि आजही तेच चालतं. भिंतींवर छोट्या फरश्या बसवलेल्या दिसतील, एका बाजूला साळिंदर, चार पावलांवर लांडगीण. तिथून पुढे हवा बदलते.

वैराचं मूळ कारण विचारलंत तर कोण म्हणेल हद्द, कोण म्हणेल अमक्या साली अडवलेला घोडा, कोण म्हणेल फिरवलेला शब्द. पण रोजच्या जगण्यात एकच कायदा आहे. आपण जिंकावं, आणि ते जमत नसेल तर त्यांना जिंकू द्यायचं नाही. घोडा तर चिठ्ठीने मिळतो. नशिबात मरतुकडं जनावर आलं की चिठ्ठीपासून शर्यतीपर्यंतच्या चार दिवसांचं सगळं बळ शत्रूला रोखण्यात जातं. आणि शर्यतीत सर्वांत वाईट नंबर दुसरा. शेवटचा आलेला घरी जाऊन झोपतो, दुसऱ्याला झोप लागत नाही.

आता मी जे पाहिलं ते सांगतो, कारण तुमच्या ‘खरं आहे का’ला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

माझी घरमालकीण ईस्त्रिचेची होती, म्हणजे साळिंदराची. घर मात्र लूपात, लांडगिणीच्या गल्लीत. माहेर कामोल्लीयाच्या वेशीजवळ. त्या वेशीवर लॅटिनमध्ये कोरलंय की या दारापेक्षा मोठं काळीज सिएना तुझ्यासाठी उघडते. लग्न होऊन वाल्लेरोत्सीत आली, पन्नासच्या वर वर्षं तिथे काढली, नवरा तिथेच गेला, मुलगा तिथेच वाढला. लग्न ठरतानाच बोलणं झालं होतं की मुलगा झाला तर बापाच्या कोन्त्रादाचा, मुलगी झाली तर आईच्या. मुलगी झाली नाही. मुलाचा बाप्तिस्मा लूपाच्या कारंज्यावर झाला (चर्चमधला वेगळा, कोन्त्रादाचा वेगळा), आणि हिने तो लांबून पाहिला. तिची स्वतःची साळिंदराची निष्ठा कणभर हलली नाही. दर पालिओला चार दिवस आधी बॅग भरायची आणि दहा मिनिटांवर बहिणीकडे जायची. नवरा होता तेव्हाही. त्या चार दिवसांत दोघं एकमेकांशी बोलत नसत. हे तिने मला भाजी निवडता निवडता सांगितलं. त्यात तक्रार नव्हती, आपल्याकडे बाई सोवळ्याओवळ्याचं सांगते तसं सांगितलं.

मी परका. मला कोणी लूपाचा म्हणून घेतलं नव्हतं आणि मी मागितलंही नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात खालच्या मंडळात, सोचिएतात, भांडी घासायला हात कमी पडत होते. मालकिणीच्या मुलाने मला खाली नेलं. शंभर-दीडशे माणसांच्या जेवणाची पातेली. पेठेत गणपतीच्या महाप्रसादाला जे केलं तेच केलं. दोन हिवाळे घासली. तिसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्याने, काही न बोलता, माझ्या गळ्यात लूपाचा रुमाल बांधला. काळापांढरा, नारिंगी काठाचा, रेशमी. त्याला फात्सोलेत्तो म्हणतात. दुकानात पर्यटकांना मिळतो तो वेगळा, हा वेगळा. तो घेऊन मी वर आलो तर मालकिणीने बघितलं, तोंड फिरवलं आणि विचारलं, “जेवलास का?”

२०१६ च्या जूनमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बहीण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच पालिओला तिला वाल्लेरोत्सीतच राहावं लागलं.

आणि नेमकं ते वर्ष. लूपा २ जुलै १९८९ नंतर जिंकली नव्हती. सतरांत जी सर्वांत जास्त वर्षं जिंकलेली नसते तिला ‘नोन्ना’ म्हणतात, म्हणजे आजी. २००९ मध्ये चिवेत्ता जिंकली आणि आजीपण लूपाकडे आलं. त्यात ईस्त्रिचे २००८ ला जिंकून बसलेली. सात वर्षं लूपाच्या पोरांनी या आजीपणावरून काय काय ऐकून घेतलं असेल ते मला कळत होतं. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच हरून मंगळवार पेठेतून घरी परतायचं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला कळेल.

२ जुलैच्या सकाळी मी उठलो तर स्वयंपाकघरात इस्त्रीचा वास. ती एका पायावर भार देऊन उभी होती, कुबडी ओट्याला टेकवलेली, आणि टेबलावर पांढरं फडकं टाकून त्यावर माझा रुमाल. लूपाचा. रेशमावर थेट इस्त्री फिरवत नाहीत म्हणून वर अजून एक ओलसर फडकं. नारिंगी काठ बोटाने सरळ करत करत ती फिरवत होती. लांडगिणीचं तोंड जिथे येतं तिथे तिने हात उचलला नाही, तिथूनही इस्त्री गेली. मी दारात उभा. तिने चौघडी घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “असा चुरगळलेला घालून खाली जाऊ नकोस. म्हणतील, वरच्या घरात बाई नाही.”

संध्याकाळी मी चौकात होतो, पोरांबरोबर, मधल्या गर्दीत. घोडी प्रेत्सिओसा पेनेलोपे, वर योनातान बार्तोलेत्ती, ज्याला सगळे स्कॉम्पीलियो म्हणतात. ती तीन फेऱ्यांची शर्यत मला नीट आठवतही नाही. दीड मिनिटाच्या आतबाहेरचा खेळ, डोक्यांच्या वरून दिसलं तेवढं दिसलं. शेवटी शेजारचा पोरगा माझ्या अंगावर कोसळला आणि रडायला लागला. तेव्हा कळलं की लूपा आली. सत्तावीस वर्षांनी. निशाण खाली घेण्यासाठी ‘दाच्चेलो! दाच्चेलो!’ (आम्हाला द्या!) असा ओरडा, मग प्रोव्हेन्सानोच्या चर्चमध्ये देवीचे आभार, मग ढोल, मग वाल्लेरोत्सी. साठीचे बाप्ये तोंडात बाळाची चोखणी घालून नाचत होते, कारण जिंकलं की कोन्त्रादा पुन्हा जन्माला येते. ज्या म्हाताऱ्याने मला रुमाल बांधला होता तो पायरीवर बसून नुसता जमिनीकडे बघत होता. त्याच्या बरोबरीचे बरेच हे न बघता गेले होते.

रात्री दोनला मी वर आलो. घरात अंधार. खिडक्यांची लाकडी झडपं बंद, जुलैच्या उकाड्यात. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेली, पाय दुसऱ्या खुर्चीवर. टेबलावर माझं ताट झाकून ठेवलेलं. खाली ढोल वाजवत पोरं वर आली की आमच्या खिडकीखाली मुद्दाम जोर लावायची. त्यांत एक ढोल तिच्या मुलाचा होता. तिलाही माहीत होतं, मलाही. मी म्हणालो, खाली सांगून येऊ का जरा हळू वाजवायला? तिने मला असं झापलं की बास. ढोल थांबला असता तर तिचा अपमान झाला असता. ती मेलीय की काय त्यांच्या लेखी? मग बऱ्याच वेळाने तिने एवढंच विचारलं, “घोडी धड आहे ना?” म्हटलं, धड आहे, खाली गल्लीतच आणलीय. ती म्हणाली, बरं. आणि झोपायला गेली.

रुमालावर रात्री वाईन सांडली होती. सकाळी उठलो तर तो धुऊन बाथरूममध्ये वाळत घातलेला. बाहेरच्या दोरीवर घातला नव्हता. शत्रूचा झेंडा ती स्वतःच्या हाताने खिडकीबाहेर लावणार नव्हती.

त्याच ऑगस्टला लूपा पुन्हा जिंकली, तीच घोडी, तोच स्वार. वर्षात दोन्ही जिंकणं १९९७ च्या जिराफ्फानंतर कोणाला जमलं नव्हतं. तोवर तिचा गुडघा बरा झाला होता आणि ती बहिणीकडे होती. मुलगा पंधरा दिवस तिच्यासमोर आला नाही. सोळाव्या दिवशी आला, टोमॅटोची पेटी घेऊन. तिने टोमॅटो घेतले.

हे नाटक आहे असं ज्याला म्हणायचं असेल त्याने म्हणावं.

आमचे दाजी म्हणतात. पुण्यात मोठ्या हुद्द्यावर होते, आता कोल्हापुरात परत येऊन नदीच्या बाजूच्या एका नव्या सोसायटीत राहतात. माझे आबा चाळीस वर्षं पेठेतल्या तालमीचे. नोकरीवरून आले की तालीम. मॅच असली की घरचं लग्नकार्यही मागे. दाजींचं म्हणणं असं की गल्लीचा अभिमान हा रिकामटेकड्यांचा धंदा आहे, त्यात शिकल्यासवरल्या माणसाने पडू नये, आणि ‘तुमच्या इटलीतही’ हेच, फक्त पर्यटक बघायला येतात म्हणून त्याला संस्कृती म्हणायचं. हे ते आबांच्या समोर म्हणायचे. आबा उठून हात धुवायला जायचे. मला राग सिएनाला नावं ठेवल्याचा नाही आला कधी, त्या उठून जाण्याचा आला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आबा ताईकडेच होते, दाजींच्या घरी. डायलिसिस चालू होतं, एक दिवस हुकवायची सोय नव्हती. खाली पाणी भरलं. सोसायटीत चाळीस फ्लॅट आणि दाजींना शेजारच्या दारावरचं आडनाव सोडून काही माहीत नाही. बोट आली ती सरकारी यादीप्रमाणे दुसरीकडे गेली. मी तेव्हा इथे नव्हतो, फोनवर होतो. मी तालमीतल्या एका पोराला फोन लावला. दोन तासांत सहा जण ट्रकच्या ट्यूबा बांधून छातीभर पाण्यातून आले, आबांना खुर्चीसकट उचललं आणि पलीकडे उभ्या केलेल्या गाडीत घातलं. त्यांतल्या दोघांना आबांनी लहानपणी मैदानावर कानाखाली मारलेली होती. नंतर चहा घ्या म्हटलं तर थांबले नाहीत, अजून कोणाला तरी काढायचं होतं म्हणाले.

सिएनातही हेच आहे आणि हेच बाहेरच्याला दिसत नाही, कारण तो दोन दिवस येतो. मला कांजिण्या झाल्या तेव्हा बारा दिवस सोचिएतातून सूप वर येत होतं. रक्तदात्यांचे गट कोन्त्रादांचे आहेत. म्हाताऱ्यांना दवाखान्यात कोण नेणार हे ठरलेलं असतं. पोरं ‘बार्बेरी’ म्हणून रंगवलेल्या लाकडी गोट्या त्याच गल्लीत खेळतात आणि त्यांच्यावर अख्ख्या गल्लीचा डोळा असतो. वर्षाचे तीनशे साठ दिवस हेच चालतं. शर्यत हा त्याचा सण आहे. शत्रू नसता तर हे सगळं इतकं घट्ट राहिलं असतं का? मला नाही वाटत. दाजींना वाटतं. त्यांच्या सोसायटीत शत्रू कोणी नाही, हे खरं आहे.

आता थोडं दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर म्हणाल एकाच अंगाने लिहिलं. मारामाऱ्या होतात. बहुतेक वेळा हाताबुक्क्यांच्या, आणि हत्यार काढणं तिथे नामुष्कीचं मानतात, पण नाक फुटतंच. घोडे मेलेले आहेत, विशेषतः सान मार्तीनोच्या वळणावर. आता तिथे गाद्या लावतात, जनावरांची तपासणी कडक झालीय, तरी धोका गेलेला नाही. ज्याला ते सहन होत नाही त्याने जाऊ नये, त्याच्याशी मी वाद घालणार नाही. काही कोन्त्रादांत बायकांना मताचा हक्क फार उशिरा मिळाला. आणि भाड्याने राहणारा परका माणूस चार वर्षांतही पुरता आतला होत नाही. मी झालो नाही. रुमाल मिळाला, पण सभेत बसलो नाही कधी.

आणि सगळ्या इटलीला सिएनाच्या मापाने मोजू नका. आरेत्सोत चार भाग आहेत आणि घोड्यावरून भाला मारायची स्पर्धा, फ्लोरेन्समध्ये चार भाग आणि मारामारीचा फुटबॉल, गुब्बियोत १५ मे रोजी प्रचंड लाकडी खांब खांद्यावर घेऊन डोंगर चढतात. ती मी एकेकदाच पाहिली, त्यावर बोलायचा मला अधिकार नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: कुणाच्याच बाजूने उभे राहू नका. दुकानातून रुमाल घेऊन गळ्यात घालू नका, निदान शत्रूच्या गल्लीत तरी. हॉटेल ज्या कोन्त्रादात असेल तिथे आदल्या रात्रीच्या जेवणाचं तिकीट मिळतंय का बघा, काही जण बाहेरच्यांना देतात. शर्यत चुकली तरी चालेल, पण २९ जूनला दुपारच्या सुमारास चौकात घोड्यांच्या चिठ्ठ्या निघतात ती वेळ चुकवू नका. कुणाला कुठला घोडा आला हे माईकवरून सांगतात आणि त्या क्षणी घोड्याकडे नाही, माणसांच्या तोंडाकडे बघा. शर्यतीच्या दिवशी चौकाच्या मधल्या भागात फुकट उभं राहता येतं, पण एकदा आत गेलात की शर्यत संपेपर्यंत बाहेर पडणं अवघड. ऊन कडक असतं, टोपी आणि पाणी घ्या, लहान मुलांना तिथे नेऊ नका. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास घोडे दोरापाशी येतात आणि सुटायला कितीही वेळ लागू शकतो. सतरांतल्या दहाच धावतात, आणि दहावा घोडा मागून आत येईपर्यंत शर्यत सुटत नाही, आणि तो कधी येणार यातच सगळी बोलणी दडलेली असतात.

दाजी, ताई हे तुम्हाला पाठवणार हे मला माहीत आहे. २०१६ च्या ऑगस्टला मी तुमचं तिकीट काढत होतो आणि तुम्ही म्हणालात, दीड मिनिटासाठी कोण येतंय. पुढच्या जुलैचं बोला. घरमालकिणीच्या मुलाशी मी बोलून ठेवलंय, वरची खोली रिकामी आहे. आबांनाही घेऊन जाऊ, डायलिसिसची सोय तिथे होते, मी विचारून घेतलंय.